तांदळाच्या डब्यावरचा फोटो

काय सांगू तुम्हाला, माझा जन्म खडकीचा, वडील कारखान्यात हमाल, मी पुढे तिथंच फिटर, आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश द्यायला सगळ्यात पुढं. विषय ठरलेला. आपण या जगात परके, प्रवासी, खरं घर वर. लोक म्हणायचे, याकोबभाऊ बोलायला उभे राहिले की बिऱ्हाड आवरायला घ्यावं. मी ते कौतुक समजायचो.

नवीन लग्न, कारखान्याचं नवीन क्वार्टर, आणि सुलभा म्हणाली, अहो, लग्नाच्या फोटोसाठी एक खिळा तेवढा ठोका. मी चोवीस वर्षांचा शहाणा, म्हणालो, पाहुण्यानं दुसऱ्याच्या भिंतीत खिळे ठोकायचे नसतात. दिवसभर लोखंड ठोकणारा माणूस मी, घरात एक खिळा ठोकेना. तिनं फोटो तांदळाच्या डब्यावर टेकवून ठेवला. तांदूळ काढायचे म्हणजे आधी आम्हा नवराबायकोला उचलून ओट्यावर ठेवायचं, मग डबा उघडायचा. चौतीस वर्षं. दोनदा काच फुटली, दोन्ही वेळा मी तिलाच परकेपणावर चार शब्द ऐकवले. ती आपली तांदूळ निवडत बसायची.

रिटायर झालो, कसबा पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. क्वार्टर सोडताना ती रडली, तर मी म्हणालो, रडायचं काय त्यात, आपलं होतं का कधी? आणि पंधरा दिवसांनी काय झालं, पेन्शनच्या कामाला खडकीला गेलो, येताना मेथीची जुडी घेतली, आणि पाय आपले जुन्या क्वार्टरच्या वाटेनं निघाले. चपला काढल्या, पडदा सारला, खुर्चीत बसून हाक मारली, सुलभा, चहा टाक.

आतून एक तरुण बाई आली, कडेवर मूल. शमीम तिचं नाव, ते नंतर कळलं. ओरडली नाही की काही नाही. मेथीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, साखर किती घालू, चाचा? मी सवयीनं दोन चमचे म्हणून बसलो. मग समोर बघतो तर घड्याळ, काबाचं चित्र, आरसा, पोराचं झबलं, एकूण चार खिळे. आणि माझं टाळकंच सरकलं. माझ्या भिंतीत खिळे?

माझ्या भिंतीत. चहा येईपर्यंत तेच खिळे मोजत बसलो. म्हणजे मनातून घर पक्कं माझंच होतं की हो. परकी राहिली ती एकटी सुलभा.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, जगाशी परकं राहायला सांगितलंय. माझ्याशी नाही.

दुसऱ्याच दिवशी खिळा ठोकला. मी, जन्माचा फिटर, अंगठा सुजला आणि परातभर गिलावा खाली आला. खालून घरमालक म्हणाले, अहो फिटर, खिळा ठोकताय की खाली येताय? फोटो वाकडाच लागलाय. सुलभा म्हणते, असू दे, तुम्ही माझ्याकडे कललेले दिसता.

परका मी आहेच इथला, अजून तसंच मानतो, बोलावणं आलं की उठायचं. उपदेशही चालू आहे, फक्त आता त्यात शमीमचा चहा येतो. परक्यानं कसं राहावं ते मी जन्मभर सांगत आलो, परक्याला कसं बसवावं ते त्या पोरीला न सांगता येत होतं. देव तिचं भलं करो, तुमचंही करो.

आणि सुलभा, अजून तांदूळ काढायचे असले की आधी दोन्ही हात पुढं करते, आम्हाला उचलायला. मग हसते, आणि वर भिंतीकडे बघते.