काकांचा बळी

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. तिथे काकू-पुतणी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसल्या होत्या.

"अगं बाई! माणसाचा बळी? कसला मेला खेळ हा!"

"यात माझा पंथ आहे, काकू. भक्तांना घरच्यांची नावं दिलीत."

"मग आत्ता कापलास तो कोण?"

"काका. प्रवचन दिलं, पोटभर जेवायला घातलं, तरी कुरकुर!"

"आणि मी?"

"तू दिवसभर सगळ्यांची घाण काढतेस."

"ते गेल्यावर रडले असेन गं."

"छे! नाचलीस."

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडून काका गाल धरून बाहेर आले.

"चष्मा कुठाय माझा? एक काम धड होत नाही तुझ्याकडून!"

काकूंनी चष्मा पदराने पुसून दिला. ते औषधं घ्यायला वळले.

"ए, मी नाचते ते परत दाखव ना."