साठ वाजवनारे अन् कमरेची चाबी

कोनीच नाई मानत हो माह्यं! अख्खा गाव म्हनते, ताराबाई चंद्रपूरले मजा माराले गेली. मजा? तुम्हाले सांगते, कोंडून ठेवलं होतं मले हॉलात, अन् घराची चाबी माह्या कमरेले!

पाच वाजता आमच्या दामिनीले पाहाले पाव्हने येनार होते. मासे तळून ठेवले, मांजर शिरते म्हनून कुलूप लावलं, पोरीले शेजारच्या भागीरथाबाईकडे वेनीफनीले बसवलं, अन् चंद्रपूरच्या कॉलनीतल्या मॅडमले मासे द्याले गेली. त मॅडम म्हनते, "ताराबाई, आमच्या साहेबांनी मुंबईचा मोठा वाद्यवृंद बोलावलाय, हॉल रिकामा दिसला तर साहेबांची लाज जाईल. तुम्ही बसा ना, तासाभराचं तर आहे!" रोजची गिऱ्हाईक, नाई कसं म्हनू? बसली. रांगेच्या मधातच!

साठ मानसं, सारे काळ्या कपड्यात. एक काठीवाला, त्यानं त लोकायकडे पाठच केली! मांगं एक झांजवाला, घंटाभर नुसता उभा… पूरी रोजी घेत असन का हो तो? वाजवनं थांबलं. म्हनलं, संपलं! उठली, का पुन्हा सुरू! बाजूचा चष्मेवाला म्हनते, "शूऽऽ! अजून तीन भाग आहेत." "भाऊ, माह्या पोरीचं लग्न…" "शूऽऽ!" पुन्हा थांबलं, पुन्हा उठली, का पुन्हा सुरू! पंधरा गुडघे तुडवत दारापाशी गेली, त दारवाला म्हनते, "बाई, मधात दार उघडत नाई, साहेबाचा हुकूम."

घड्याळात पावने पाच! आमच्याकडे मंडईच्या जत्रेत नाटक चालू असलं तरी स्टेजवर जाऊन सांगितलं का माइकवाला पुकारते, 'अमक्याची म्हैस सुटली, घरी जा.' नाटक थांबते, पुकारा होते, नाटक चालते. कोनाले राग येत नाई. त मी चढली! काठीवाल्याचा कोट ओढला, म्हनलं, "भाऊ, जरा पुकारा ना, दार उघडा म्हना, घरी पाव्हने येऊन राह्यले!" साठच्या साठ बंद! त्याले काय समजलं देव जाने, वाकून नमस्कारच केला मले. मॅडमनं घाबरून सत्काराचा गुच्छ माह्याच हातात कोंबला. टाळ्या! फोटो! मले नेऊन खुर्चीत बसवलं, अन्… पुन्हा सुरू!

गावात पोचली सातले. पाव्हने घंटाभर ओट्यावर बसले बिचारे, आतून माशाचा वास येऊन राह्यला, अन् दाराले कुलूप! शेवटी भागीरथाबाईनं जेवाले नेलं. आपल्या घरून दाखवल्याबिगर पोरगी समोर कशी जाईन? माही दामिनी मागच्या खोलीत दडून, अन् वाढाले भागीरथाबाईची पोरगी दिव्यानी. जमलं ना दिव्यानीचंच!

आता गाव मलेच बोल लावते. आमच्या घरच्याले इचारलं, "तुमी त ओट्यावरच होते, दगडानं कुलूप काऊन नाई फोडलं?" त म्हनते, "नवं कुलूप होतं, फोडून कसं टाकू?"

बावीस वर्सं झाली लग्नाले, नवऱ्याचं नाव कधी ओठावर येऊ नाई दिलं. आता घेते, चौकात उभी राहून घेते. कसूर ना मॅडमची, ना काठीवाल्याची. कसूर करनाऱ्याचं नाव आहे, लटारू!