रिव्हेल्लोची भिंत

मेना: अहो बाबा, हायवेला नुसते बोगदे. या रस्त्यानं समुद्र तरी दिसतो.

प्रोस्पेरो: समुद्र हॉस्पिटलच्या खिडकीतून रोज बघत होतो. तो काही पळून जात नाही. तुझी आई मात्र दारात उभी असेल. हायवेनं एव्हाना घरी पोचून आमचं भांडणसुद्धा सुरू झालं असतं.

मेना: ऑपरेशन झालेल्या माणसानं भांडायचं नसतं.

प्रोस्पेरो: ते ऑर्सोलाला सांग. काल तिचा फोन नाही, परवा नाही.

मेना: घसा बसलाय तिचा.

प्रोस्पेरो: सगळा जन्म तिच्याबरोबर काढला. तिचा घसा कधी बसला नाही, माझे कान बसले.

मेना: तो बघा वर डोंगरावर येशूचा पुतळा. मारातेआ आलं.

प्रोस्पेरो: समुद्राकडे पाठ करून उभा आहे. घर कुठल्या बाजूला, ते त्याला कळतं.

मेना: तुम्ही बसून राहा. मी कॉफी घेऊन येते.

प्रोस्पेरो: साखर घालून. डॉक्टरनं नको म्हटलंय, म्हणून जरा जास्तच.

(मेना कॉफीच्या दुकानामागे जाऊन भावाला फोन लावते. गाडीच्या काचा वर आहेत.)

डोनातो: कुठं आहात?

मेना: मारातेआ. अजून किती वेळ, डोनातो?

डोनातो: चौकातले कागद निघाले. चर्चच्या भिंतीवरचे राहिलेत. खळ अशी चिकटलीय, नखं सोलली माझी. शेजारची जेरार्दामावशी खिडकीतून ओरडली, जन्मदात्या आईच्या मयताची खबर देणारे कागद खरवडतोस, हात झडतील.

मेना: मग?

डोनातो: मग काय. झडू देत म्हटलं.

मेना: मला हे जमत नाही रे. काल आपण तिला माती दिली, आणि हे गाडीत बसून तिच्याशी भांडायचे बेत करतायत. सांगायला हवं होतं. शेवटचं तोंड तरी बघितलं असतं.

डोनातो: आणि ऐकून तिथंच गेले असते तर? टाके ओले आहेत. गावातला डॉक्टर काय म्हणाला? घरी आणा, मी येऊन बसतो, मग सांगा. भिंतीवर वाचून कळायला नको, एवढंच. आणि रिव्हेल्लोवरून येऊ नकोस. आईचं माहेर ते, मामांनी तिथं गावभर लावलेत. त्यांचे कागद मी कसे काढू?

मेना: बरं. ठेवते.

(मेना कॉफी घेऊन गाडीत परतते.)

प्रोस्पेरो: कॉफी पिकायला घातली होतीस का?

मेना: गर्दी होती. घ्या, गरम आहे.

प्रोस्पेरो: डोळे लाल झालेत तुझे.

मेना: वारा आहे ना समुद्राचा.

प्रोस्पेरो: हं. वर त्रेक्कीनाला फाटा लागेल, तिथून रिव्हेल्लोला घे.

मेना: रिव्हेल्लोला कशाला? वळणं किती आहेत.

प्रोस्पेरो: वळणांची हौस सकाळपासून तुलाच आलीय. तिच्या माहेरची सॉसेज घेतो. रिकाम्या हातानं गेलो तर म्हणेल, मरायला गेला होतास, तेही धड जमलं नाही.

मेना: घरी खायला रग्गड आहे, बाबा. जेरार्दामावशीनं कोंबडीचं सार पाठवलंय, समोरच्यांनी पास्ता भाजून दिलाय, रात्रीचं चर्चजवळच्या त्या दोघी बहिणी आणणार आहेत. चूल पेटवायचीसुद्धा...

प्रोस्पेरो: सुद्धा काय?

मेना: काही नाही.

प्रोस्पेरो: फिलोमेना, गाडी बाजूला घे.

मेना: इथं वळण आहे.

प्रोस्पेरो: मग वळणाच्या पुढं घे.

मेना: घेतली. बाबा, हळूहळू श्वास घ्या.

प्रोस्पेरो: घेतोय. माझी आई गेली तेव्हा जेरार्दाच्या आईनं असंच सार आणलं होतं. शेजारची पातेली कुठल्या घरी जातात, ते मला शिकवू नकोस. ऑर्सोला उभी असती तर जेरार्दाची काय बिशाद होती आमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची.

मेना: बाबा...

प्रोस्पेरो: कधी?

मेना: परवा पहाटे. झोपेतच. त्रास काही झाला नाही.

प्रोस्पेरो: आणि माती?

मेना: काल.

प्रोस्पेरो: काल मी समुद्र बघत बसलो होतो.

मेना: आमचं चुकलं, बाबा. तुम्हीपण जाल अशी भीती वाटली.

प्रोस्पेरो: रडू नकोस. मला अजून रडू आलेलं नाही आणि तू आधीच सुरू केलंस. अंगावर काय घातलं तिच्या?

मेना: गडद निळा झगा. माझ्या लग्नातला.

प्रोस्पेरो: तो काखेत घट्ट होतो तिला.

मेना: मावशीनं मागून उसवून घातला.

प्रोस्पेरो: बरं केलं.

मेना: डोनातो गावातले कागद काढतोय. तुम्ही वाचू नयेत म्हणून.

प्रोस्पेरो: त्याला फोन कर. म्हणावं, राहिलेत ते राहू दे, पाऊस काढील. आणि तू रिव्हेल्लोला घे.

मेना: डॉक्टर घरी वाट बघतायत.

प्रोस्पेरो: बघू दे. त्याच्यापेक्षा जास्त वाट बघितलेलं माणूस गेलं.

मेना: रिव्हेल्लो आलं. हा बघा कागद, कारंज्याशेजारच्या भिंतीवरच आहे. उतरू नका, मी इथून वाचते.

प्रोस्पेरो: उतरणार. दार उघड. चष्मा कुठंतरी पिशवीत पडलाय, तेव्हा वाच तूच. मी भिंतीला हात लावून उभा राहतो.

मेना: 'ऑर्सोला आम्हाला सोडून गेली. ही दुःखद वार्ता कळवीत आहेत पती प्रोस्पेरो, मुलं डोनातो आणि फिलोमेना, भाऊ...' पुरे ना, बाबा.

प्रोस्पेरो: पहिलं नाव माझं?

मेना: रीतच आहे तशी. नवऱ्याचं पहिलं.

प्रोस्पेरो: म्हणजे सगळ्या मुलखाला मीच कळवलं. एक मला तेवढं कळवायचं राहिलं.