उघड आहे, पण कुणाला?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, गणित मंडळाचे सभासद, चहाच्या आशेने मागच्या रांगेत टिकून राहिलेले मित्र आणि आजच्या सत्कारमूर्ती,

सत्कारमूर्ती माझ्या आत्या लागतात. सभागृहात त्यांना ‘मॅडम’ म्हणायचं, असं घरून बजावून पाठवलंय. प्रयत्न करते.

मंडळाची मानद व्याख्यानमाला मॅडमनी सुरू केली आणि आजवर चालवली. मानद म्हणजे काय? वक्त्याला मानधन नाही. मिळतो तो पहिल्या रांगेतून वर आलेला मॅडमचा हात. वक्ता फळ्याकडे वळून “हे तर उघडच आहे” म्हणाला, की हात वर! “कुणाला उघड?” मग बिचाऱ्याने पुढचं सगळं सोडून तेवढंच सिद्ध करायचं.

लोकांना वाटतं, ही मंडळाची शिस्त. मी शाळेत जायच्या आधी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी त्यांच्याकडेच गणित शिकले, म्हणून सांगते, ही घरची खोड आहे. बाबा जेवताना म्हणाले, “भाजीत मीठ कमी आहे, उघडच आहे,” की लगेच, “कुणाला रे, दादा?” पातेलं सगळ्यांपुढे फिरायचं. शेवटी आई म्हणायची, “सिद्ध झालं असेल तर जेवा आता!”

अध्यक्ष महोदय, रागावू नका. आपणही या मालेत बोलायला आला होतात. दुसऱ्याच ओळीला “उघड आहे” म्हणालात. हात वर आला. आपण फळा भरलात, पुसलात, पुन्हा भरलात आणि अगदी हळू म्हणालात, “मॅडम, हे खोटं आहे.” व्याख्यान तिथेच संपलं. त्या खोट्यातूनच आपला गाजलेला निबंध निघाला. त्यात आपण आभार मानलेत ते टंकलेखकाचे. असो.

मघाशी आपण म्हणालात, “मॅडम निवृत्त झाल्या, की ही माला बंद पडणार, हे उघडच आहे.” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कशासाठी, देव जाणे! मी मॅडमकडे पाहिलं. हात वर आला नाही. आत्याला हे पटलं? पण घाईने निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांनीच शिकवलंय. म्हणून नीट पाहिलं. एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात मानपत्राची ती दाराएवढी फ्रेम. त्यांना गप्प बसवायचा उपाय मंडळाला अखेर सापडला तर!

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलताना मर्यादा सुटली असेल तर पदरात घ्या. तर्क चुकला असेल तर मात्र पदरात घेऊ नका, इथे येऊन दाखवा. अध्यक्ष महोदय, फळा आपल्या मागेच आहे. खडू मी आणलाय.

आणि आत्या, तो गुच्छ इकडे दे.