फ्लोराबेल घाबरली नव्हती

रविवार, ९ मार्च, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. ही वेळ आधी सांगते, मग मानपान.

आदरणीय अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख लुसेरो, व्यासपीठावरचे फादर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते डायव्हिंग केंद्राचे व्यवस्थापक रेनान्ते सर, आणि दाऊइनच्या माझ्या बंधुभगिनींनो,

सरांविषयी चार चांगले शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. बोलते. सर वक्तशीर आहेत. त्यांची बोट कधी उशिरा परतली नाही. त्या रविवारी तर माझ्या भाचीला न घेताच वेळेवर परतली.

फ्लोराबेलला मी वाढवलं. तिचा बाप मासेमारीला गेला तो गेलाच. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढे अठरा वर्षं पोरीनं समुद्रात पाऊल टाकलं नाही. सरांच्या बोटीवर भात शिजवायला लागली, तेव्हासुद्धा मधोमध जपमाळ धरून बसायची. नावाडी इस्तोयदादा चिडवायचे, "अगं, बोट बुडाली की मधली जागाही बुडते!"

एका सकाळी ती घमेल्यात पाणी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली.

"मावशी, मी तोंड बुडवते. तू मोज."

तीन आकडे झाले आणि ती खोकत वर आली. "तीन? माझ्या पहिलीच्या वर्गातली मुलं याच्या पुढे जातात," मी म्हणाले. नन्सनी मला इंग्रजी शिकवलं, जीभ आवरायला शिकवलं नाही. ती रडली. मग पुन्हा तोंड बुडवलं.

पाच वर्षांनी ती प्रशिक्षक झाली. भित्रे विद्यार्थी मागून घ्यायची. त्यांना आधी घमेलं, मग समुद्र. या सभागृहातही तिचे काही आहेत. हात वर करू नका, मी ओळखते.

बोटीवर फळा असतो. पाण्यात उतरताना प्रत्येकानं आपल्या नावाची पट्टी उलटी करायची, वर आल्यावर स्वतःच सुलटी करायची. दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही, नवऱ्यानं बायकोच्यासुद्धा नाही. त्या दिवशी चारही विद्यार्थ्यांना वर पाठवून फ्लोराबेल तळाशी बांधलेला खुणेचा दोर सोडवायला पुन्हा खाली गेली. तिची पट्टी उलटीच होती. तीन वाजून वीस मिनिटांनी ती सरांनी सुलटी केली.

इस्तोयदादांनी विचारलं, "सर, फ्लोराबेल दिसत नाही."

"असेल मागे, कपडे बदलत. फळा बघ ना! चल, पाहुण्यांना उशीर होतोय."

मंगळवारी तिचा देह समोरच्या सिकिहोर बेटाच्या बाजूला सापडला. दोन दिवस मी किनाऱ्यावर उभी होते. मला पोहता येत नाही. कमरेचं शिशाचं वजन तिनं सोडलेलं होतं. तरंगती नळी फुगवून तिच्याशी स्वतःला बांधून घेतलं होतं. शिट्टी दातांत होती. शिकवायची तसं सगळं, क्रमानं. सांगा, घाबरलेलं माणूस असं करतं का? ती वाट पाहत होती. तुमची.

आणि सरांच्या अहवालात काय लिहिलंय? "पाण्याच्या जुन्या भीतीमुळे प्रशिक्षक गोंधळल्या."

सर, तुम्ही घाईत होतात, हे मी एखाद्या दिवशी समजून घेईन. पण पोरीनं घोटाघोटानं कमावलेलं धैर्य तुम्ही एका ओळीत काढून घेतलंत. ते मला परत हवंय.

अध्यक्ष महोदयांनी बोलू दिलं, आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी रडले, त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. सर, तुमची फेरीबोट शनिवारी सुटते. ते वाक्य खोडलंत आणि पट्टी कुणी फिरवली ते लिहिलंत, असं तुमच्या सहीचं लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत माझ्या घरी पोहोचलं पाहिजे.