बुजवायची राहिलेली भेग

डोळ्यांत थेंब घातलेल्या शिवणकामवाल्या मावशी दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी समुद्रकाठची भिंत बांधणारा इंजिनिअर, समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमना काहीतरी सांगत होता.

"तुम्ही खडबडीत ठेवायला सांगितलेली भिंत मी सवयीनं गुळगुळीत केली."

"गुळगुळीत भिंतीला एकही जीव धरत नाही. म्हणून तर महिनाभर बोलले नव्हते मी तुमच्याशी."

"खालची एक भेग तेवढी बुजवायची राहिली होती. परवा ओहोटीला बुजवायला गेलो, तर सापडेचना."

"सापडेना म्हणजे?"

"शिंपल्यांनी भरून काढलीय. एकाला एक असे चिकटलेत, की नखसुद्धा शिरत नाही."

"हात लावलात?"

"लावला आणि लगेच मागे घेतला. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं."



"मग पुढची भिंत?"

"तुमच्यासमोरच बांधतो. मी गुळगुळीत करायला लागलो, की हात धरा माझा."

"मावशी, या आत," नर्सनं हाक मारली.

"आले गं," म्हणत मावशी मिटल्या डोळ्यांनीच शेजारी वळल्या.

"दादा, उद्या ओहोटी किती वाजता आहे? ती शिंपल्यांची शिवण बघायचीय मला."