ऑर्गनबरोबरची अट

डेटलेफ : ...ते राहू दे. माझ्या जागेसाठी आज वाजवताना त्या लोरेन्झचे पाय पेडलवर कसे पडत होते?

गेसा : पाय मला कुठून दिसणार, बाबा? ऑर्गन वर माळ्यावर, मी खाली बाकावर.

डेटलेफ : दिसत नाहीत, ऐकू तर येतात. खर्जाच्या नळ्या कुठं अडखळल्या का?

गेसा : नाही अडखळल्या. गुडघा हलवू नका, पट्टी सुटतेय. हं. पहिल्यांदा टोकाटा वाजवला. तुम्हाला आवडतो तसा, मोकळा, खाडीवरून वारं सुटल्यासारखा. मग कॅन्टरनी, आपल्या चर्चच्या गायनप्रमुखांनी, फ्यूगसाठी सुरावट दिली. मुद्दाम वाकडी दिली. त्यांचा भाचाही उमेदवार होता ना. अर्ध्या अर्ध्या सुरानं खाली घसरणारी, मध्येच एक पायरी मोडलेली.

डेटलेफ : ओळखतो मी त्याला. समोरचा तोंडावर पडावा म्हणूनच देतो तो.

गेसा : लोरेन्झ पडला नाही. आधी ती सुरावट एकटीच वाजवली, अगदी साधी. मग तिच्यामागून दुसरा आवाज आला, मग तिसरा, आणि शेवटी पायांनी चौथा. चौघं एकच गोष्ट सांगताहेत, पण कुणी कुणाच्या तोंडचा शब्द पळवत नाही. माझ्या शेजारी पाववाल्याची बायको डोळे पुसत होती. फ्यूग कशाशी खातात हेही तिला ठाऊक नाही.

डेटलेफ : आणि नटवेपणा? इटालियन लोकांचं ऐकून हल्लीची पोरं एकेका सुराला झालर लावतात.

गेसा : थोडा होता, स्तोत्राच्या वेळी. पण स्तोत्र हरवलं नाही. मी मनात शब्द म्हणत होते, कुठंच सुटले नाहीत.

डेटलेफ : मग झालं तर. हाच माणूस. आता खरं सांग, अट ऐकून मागचे दोघं पळाले, हा थांबला का?

गेसा : सांगते. निवड एकमतानं झाली. मग नगराध्यक्षांनी तुमची अट सांगितली. डेटलेफच्या जागी जो बसेल त्यानं त्याच्या मुलीशी, गेसाशी, लग्न करावं, म्हणजे ऑर्गनवाल्याचं घर म्हाताऱ्याला आणि लेकीला सोडावं लागणार नाही. सगळे माना वळवून माझ्याकडं बघायला लागले. घोड्याबरोबर खोगीर कसलं मिळतंय, ते बघतात ना, तसे.

डेटलेफ : बघू देत. तो काय म्हणाला?

गेसा : पांढराफटक पडला. ल्युनेबर्गला त्याचं लग्न ठरलंय, इल्साबे नावाच्या मुलीशी. म्हणाला, तिला शब्द दिलाय, असा ऑर्गन मला जन्मात पुन्हा मिळायचा नाही, पण शब्द मोडणार नाही. आणि टोपी उचलली.

डेटलेफ : म्हणजे तिसराही गेला.

गेसा : नाही गेला. मी उभी राहिले.

डेटलेफ : कुठं?

गेसा : तिथंच, सगळ्यांसमोर. म्हटलं, मलाही हे लग्न नको आहे.

डेटलेफ : गेसा, तुला कळतंय का काय करून आलीस? हे घर नगराचं. मी डोळे मिटले की तुझी ट्रंक रस्त्यावर येईल. मी ती अट काय हौस म्हणून घातली?

गेसा : माहीत आहे मला. म्हणून नुसतं नको म्हणून खाली नाही बसले. म्हटलं, घर मोठं आहे. खालच्या दोन खोल्या आणि चूल आम्हाला राहू द्या, बाबा असेपर्यंत आणि पुढं मी असेपर्यंत. वरचा मजला यांचा. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला कुणी नाही, ते मी शिकवीन. शाळेनं मला धान्य आणि जळण द्यावं. लोरेन्झनं लगेच मान डोलावली. नगरसभा कुरकुरली, पण कबूल झाली. फक्त एवढंच म्हणाले सगळे, अट डेटलेफची आहे. मागं घ्यायची तर त्यानंच.

डेटलेफ : मी नाही घेणार.

गेसा : बाबा...

डेटलेफ : शाळेचा काय भरवसा? आज धान्य देतील, उद्या मास्तर बदलला की बंद. नवरा असला की छप्पर असतं. मी कसा आलो या गावात? असाच. हीच अट. तुझे आजोबा या खुर्चीत बसलेले, तुझी आई दाराशी उभी. मला ऑर्गन हवा होता, मी हो म्हटलं. काय वाईट झालं? जन्मभर नीट संसार केला. तुझ्या आईनं, वीबकेनं, एकदा तरी तक्रार केली?

गेसा : तुमच्याकडं नाही केली.

डेटलेफ : म्हणजे?

गेसा : शेवटच्या दुखण्यात बोलली माझ्याशी. वाईट नाही बोलली. म्हणाली, तुझा बाप भला माणूस आहे, मी सुखात राहिले. पण हो म्हणायच्या आधी त्यानं ऑर्गनची एकेक नळी वाजवून पाहिली. मला एक शब्द विचारला नाही.

(डेटलेफ गुडघ्यावरची पट्टी स्वतःच घट्ट करतो.)

डेटलेफ : नळ्या वाजवल्या होत्या मी. खरं आहे ते.

गेसा : तुम्हाला लागावं म्हणून नाही सांगितलं.

डेटलेफ : लागू दे. उशिरा का होईना. ...पोरगा कुठं आहे?

गेसा : बाहेर, पायरीवर. बोलावेपर्यंत थांबतो म्हणाला.

डेटलेफ : या वाऱ्यात? आणि मला इतका वेळ बडबडू दिलंस? घे आत त्याला.

गेसा : या आत. डोकं सांभाळा, चौकट खाली आहे.

लोरेन्झ : नमस्कार, गुरुजी.

डेटलेफ : ये. हात बघू. बर्फ झालेत. चुलीजवळ सरक. ती तुझी इल्साबे, तिला विचारलंस का, समुद्राकाठच्या या गावात राहायला येशील का म्हणून?

लोरेन्झ : विचारलं, गुरुजी. म्हणाली, मासे मला आवडत नाहीत, पण येईन.

डेटलेफ : हेरिंग माशाशिवाय इथं हिवाळा काढणं अवघड आहे. पण विचारलंस, ते बरं केलंस.

लोरेन्झ : तुम्ही नाही म्हणालात तरी मनात काही ठेवणार नाही. एवढंच सांगायला थांबलो होतो. उद्या सकाळच्या गाडीनं...

डेटलेफ : कसली गाडी? अट मी मागं घेतली. नगराध्यक्षांना म्हणावं, घरी येऊन माझ्या तोंडून ऐकून जा. आणि हे बघ, ऑर्गनला हवा देणारा डावीकडचा भाता थंडीत लवकर दमतो. भातेवाल्याला थोडं आधी बोलवत जा.

लोरेन्झ : गुरुजी, मी आत्ताच भातेवाल्याला गाठतो.

गेसा : आधी बसा. सकाळपासून उपाशी आहात, पडाल नाहीतर. हे घ्या, बिअरचं सूप. गरम आहे.

डेटलेफ : आणि तू ग? तू का अशी भिंतीला टेकलीस?

गेसा : काही नाही. ही अट घातल्यापासून धड झोप नव्हती मला, बाबा. आता उभ्या उभ्याच लागेलसं वाटतंय.

डेटलेफ : मला सांगायचंस.

गेसा : आज सांगितलं की.

डेटलेफ : हं. रविवारी मला चर्चमध्ये घेऊन चला दोघं. वर नको, तो जिना आता याचा. खाली बसव मला, तुझ्याशेजारी. सगळा जन्म वाजवण्यात गेला, पण आपला ऑर्गन खालून कसा ऐकू येतो, ते मला ठाऊकच नाही.

गेसा : फार छान येतो, बाबा. आई बसायची तिथून तर जास्तच.